मुलगा आधी गेला तर नातवंडांचं काय? वारसा हिश्श्यांची वाटणी, पायरीपायरीने

वाटणीचा विषय निघाला की घरातली माणसं पहिल्यांदा डोकी मोजतात. दोन मुलं, एक मुलगी, पाच नातवंडं, मग प्रत्येकाला किती? हिशेब इथेच चुकतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 दरडोई वाटणी करत नाही, तो शाखेनुसार करतो. प्रत्येक अपत्य ही एक शाखा. ते अपत्य हयात असेल तर हिस्सा त्याचा, आणि ते आधीच वारलं असेल तर तोच हिस्सा त्याच्या बायको-मुलांमध्ये उतरतो. हे एवढं नीट न कळल्यामुळे कितीतरी घरांत वारलेल्या मुलाची बायको आणि तिची मुलं वाटणीतून बाहेर पडतात. "तोच राहिला नाही, आता त्याचा हिस्सा कसला?" असं तिला ठामपणे सांगितलं जातं आणि तिलाही ते खरं वाटतं. ते खरं नाही.

हा लेख दोघांसाठी आहे. एक, ज्यांच्या घरात कुणी मृत्युपत्र न करता गेलं आहे. दुसरे, ज्यांना आपल्या पश्चात काय व्हावं हे आजच लिहून ठेवायचं आहे. हिशेब दोघांनाही एकाच पद्धतीने करावा लागतो.

पहिली पायरी: कोणता कायदा लागू होतो

वारसा धर्माप्रमाणे चालतो. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना 1956 चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, तिथे रूढी पाहिली जाते. ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये वेगळे नियम आहेत. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात एक मोठा फरक आहे: मुलगा हयात असेल तर आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांकडून वारसा मिळत नाही, आणि मृत्युपत्राने इतर वारसांच्या संमतीशिवाय फक्त एक तृतीयांश मालमत्ता देता येते. अशा घरात पोरक्या नातवंडांसाठी आजोबांनी हयातीतच त्या एक तृतीयांशाचा उपयोग करणं फार महत्त्वाचं ठरतं.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर सहसा 1925 चा कायदा लागतो, पण पती-पत्नी दोघंही हिंदू असतील तर 1956 चाच कायम राहतो. यापुढचं सगळं विवेचन या 1956 च्या कायद्याला धरून आहे.

दुसरी पायरी: वंशावळ काढा, आणि तारखा घाला

एक मोठा कागद घ्या. वर ज्यांची मालमत्ता आहे ती व्यक्ती, शेजारी त्यांचा जोडीदार, वर त्यांचे आईवडील, खाली सगळी मुलं-मुली आणि त्यांच्याखाली नातवंडं. लग्न होऊन गेलेल्या मुली यातून गळू देऊ नका. दत्तक गेलेलं मूल जन्मदात्यांच्या नाही, तर दत्तक घेणाऱ्यांच्या घरात धरायचं. गर्भात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं तर तेही वारस. अवैध ठरलेल्या विवाहातल्या मुलांनाही आईवडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. सावत्र बापाच्या मालमत्तेत मात्र सावत्र मूल आपोआप वारस होत नाही.

आता प्रत्येक वारलेल्या व्यक्तीपुढे मृत्यूची तारीख लिहा. ही तारीख केवळ माहिती म्हणून नाही, तिच्यावर सगळा हिशेब फिरतो. वारसा उघडतो तो मालकाच्या मृत्यूच्या क्षणी. सातबारावर नाव चढेल तेव्हा नाही. वडील 2010 साली वारले आणि मुलगी 2015 साली, तर मधल्या पाच वर्षांत कागदावर काहीही बदललं नसलं तरी मुलीचा हिस्सा 2010 मध्येच तिचा झालेला होता. मग तिच्या पश्चात तो तिच्या मुलांना आणि नवऱ्याला जातो. तिला मूलबाळ नसेल, तर वडिलांकडून आलेली ती मालमत्ता परत वडिलांच्या वारसांकडे येते, नवऱ्याकडे जात नाही. उलट, मुलगी वडिलांच्या आधी वारली असेल तर तिच्या शाखेचा हिस्सा फक्त तिच्या मुलांना मिळतो. जावयाला सासऱ्याच्या मालमत्तेत त्या मार्गाने काहीच येत नाही. माणसं तीच, फक्त तारखा उलटसुलट झाल्या तर उत्तर बदलतं. म्हणून मृत्यूचे दाखले आधी जमवा, चर्चा नंतर करा.

तिसरी पायरी: मालमत्ता आली कुठून

प्रत्येक मालमत्तेपुढे दोन गोष्टी लिहा: ती कोणाच्या नावावर आहे आणि कशी आली. विकत घेतली, बक्षीस मिळाली, वारशाने आली की एकत्र कुटुंबाच्या वाटणीत आली?

"वडिलोपार्जित" हा शब्द घरात फार सैल वापरला जातो. आजोबांनी स्वतः कमावलेलं घर 1956 नंतर वडिलांना वारशाने आलं, तर ते वडिलांच्या हातात त्यांची स्वतःची मालमत्ता असते. नातवाचा त्यात जन्माने हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1986 च्या चंदर सेन प्रकरणात हे ठरवलं. "आजोबांचं आहे, म्हणजे माझाही हिस्सा आहे" असं म्हणत हयात वडिलांवर दावा करणाऱ्या मुलांना हे आधीच माहीत असलेलं बरं.

खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित म्हणजे 1956 च्या कायद्याआधी वाडवडिलांकडून उतरत आलेली, किंवा एकत्र कुटुंबाच्या वाटणीत वाट्याला आलेली मालमत्ता. तिथे मुलांना जन्माने हक्क मिळतो, आणि 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही तसाच. महाराष्ट्राने तर 22 जून 1994 पासूनच, त्या तारखेला अविवाहित असलेल्या मुलींसाठी, हे पाऊल उचललं होतं. "दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नव्हते म्हणून मुलीला हक्क नाही" हा जुना आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात कायमचा निकाली काढला. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरून काढता येत नाहीत.

अशा मालमत्तेत हिशेब दोन टप्प्यांत होतो. आधी असं धरायचं की मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली. वडील, आई, एक मुलगा, एक मुलगी असतील तर प्रत्येकी एक चतुर्थांश. मग वडिलांचा तो एक चतुर्थांश तेवढाच वारशाने आई, मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटायचा. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल तर तेही त्या एक चतुर्थांशापुरतंच चालतं. पूर्ण जमीन एका मुलाच्या नावे लिहून दिलेलं मृत्युपत्र इथे कोसळतं.

चौथी पायरी: शाखांचा हिशेब

आता मुख्य भाग. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता 60 लाखांची आहे आणि मृत्युपत्र नाही असं धरू. मागे पत्नी, थोरला मुलगा आणि मुलगी हयात आहेत. मधला मुलगा वडिलांच्या आधी वारला. त्याची पत्नी आणि दोन मुली आहेत. थोरल्याला तीन मुलं आहेत.

कलम 10 प्रमाणे पत्नीला एक हिस्सा, हयात असलेल्या प्रत्येक अपत्याला एक आणि आधी वारलेल्या प्रत्येक अपत्याच्या शाखेला मिळून एक. म्हणजे चार हिस्से, प्रत्येकी 15 लाखांचे. मधल्याच्या शाखेचे 15 लाख त्याची पत्नी आणि दोन मुली यांच्यात समान, प्रत्येकी 5 लाख. थोरल्याच्या तीन मुलांना आज काहीही नाही, कारण त्यांचा बाप हयात आहे आणि शाखेचा हिस्सा त्याच्याच हातात आहे. "माझी मुलं तीन, म्हणून मला जास्त" हा युक्तिवाद कायद्यात बसत नाही.

यात बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी व्यक्ती म्हणजे वारलेल्या माणसाची आई. आई हयात असेल तर तीही पहिल्या वर्गातली, म्हणजे पत्नी आणि मुलांच्या बरोबरीने हिस्सा मिळणारी, वारस आहे. मग हिस्से पाच होतात, प्रत्येकी 12 लाख, आणि मधल्याच्या शाखेत प्रत्येकी 4 लाख. आजीला काय करायचंय असं म्हणून तिला वगळलं जातं. पण तिचा हिस्सा तिच्या पश्चात तिच्या सगळ्या मुला-मुलींकडे जातो, म्हणजे काका आणि आत्यांकडेही. पुढे वीस वर्षांनी घर विकताना त्यांच्या सह्या का लागतात, याचं कारण बहुधा इथेच असतं. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत. ते दुसऱ्या वर्गात येतात, म्हणजे पहिल्या वर्गातलं कुणीच नसेल तेव्हा.

आता अवघड प्रसंग. मालमत्ता तीच 60 लाखांची. दोन मुलं होती, दोघंही आधी वारली; पत्नी, आई, मुलगी किंवा सुना कुणीच हयात नाही. एका मुलाला एक मुलगा, दुसऱ्याला चार मुलं. पाच नातवंडं आहेत म्हणून पाच सारखे भाग होतील असं वाटतं, पण तसं होत नाही. शाखा दोनच, म्हणून आधी अर्धं-अर्धं. एकट्या नातवाला 30 लाख आणि दुसऱ्या शाखेतल्या चौघांना प्रत्येकी साडेसात. हे न्याय्य आहे का, यावर माझं मत असं की कायद्याने बापाच्या हक्काला धरून ठेवलं ते बरोबरच आहे. पण आजोबांना पाचही नातवंडं सारखीच असतील, तर त्यांना ते बदलण्याची पूर्ण मुभा आहे. फक्त ते लिहून ठेवावं लागतं.

घर आईच्या नावावर असेल तर हिशेब वेगळा

हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढला, कारण इथे सर्वांत मोठं नुकसान होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. स्त्रीच्या मालमत्तेचा वारसा कलम 15 आणि 16 प्रमाणे जातो. पहिला हक्क मुलं-मुली, आधी वारलेल्या अपत्यांची मुलं आणि नवरा यांचा. यात सून नाही.

वरचंच कुटुंब घ्या, पण 60 लाखांचं घर आईचं आहे आणि वडील आधीच गेलेत. आई वारल्यावर तीन शाखा होतात: थोरला 20 लाख, मुलगी 20 लाख, मधल्याच्या दोन मुलींना प्रत्येकी 10. सुनेला शून्य. मुली आहेत तोवर निदान शाखेचा हिस्सा शाखेत राहतो. पण मधल्याला मूलच नसतं तर? सासऱ्याच्या मालमत्तेत त्याच्या विधवेला शाखेचा पूर्ण हिस्सा मिळाला असता. सासूच्या घरात तिला काहीच मिळत नाही. ज्या सुनेने शेवटपर्यंत सासूचं केलं, तिला त्याच घरातून निघावं लागू शकतं. अनेक घरं बाईच्या नावावर घेतली जातात आणि ते चांगलंच आहे. पण घर ज्यांच्या नावावर आहे अशा प्रत्येक सासूने विधवा सुनेचा विचार करून मृत्युपत्र करावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. कायदा इथे तिच्या मदतीला येणार नाही.

आणखी एक: बाईला मूलबाळ आणि नवरा दोन्ही नसतील, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क लागतो. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं माहेरी परत जातं. नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या विधवा स्त्रियांनी हे ध्यानात ठेवून आपली इच्छा लिहून ठेवायला हवी.

पाचवी पायरी: मृत्युपत्रात शाखेची तरतूद

मृत्युपत्राला ठरावीक नमुना लागत नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. सही हवी, आणि ती आपल्यासमोर झाली किंवा सहीची कबुली मिळाली अशा किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार लाभार्थी नसावेत आणि शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान, पण सज्ञान असावेत, कारण वेळ आली तर त्यांनाच न्यायालयात उभं राहायचं असतं. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्या. सही खरी का खोटी हा वाद पुष्कळ कमी होतो.

खरी कसोटी मजकुराची. "माझी सदनिका माझ्या मुलाला" असं लिहिलं आणि मुलगा आधी गेला, तर? 1925 च्या कायद्याचं कलम 109 म्हणतं की मुलाला वंशज असतील तर ती देणगी रद्द होत नाही. मुलगा जणू बापाच्या लगेच नंतर वारला असं धरलं जातं. वाचायला हे नातवंडांच्या बाजूचं वाटतं. पण त्याचा परिणाम असा की मालमत्ता नातवंडांना थेट न मिळता वारलेल्या मुलाच्या मालमत्तेत जाते. त्याने स्वतः मृत्युपत्र केलं असेल तर त्याप्रमाणे, नाहीतर त्याच्या वारसांना, म्हणजे पत्नी, मुलं आणि त्याची आई हयात असेल तर तिलाही. सुनेला किंवा भावाला दिलेल्या देणगीला हे संरक्षण नाही; ते आधी गेले आणि पर्याय लिहिलेला नसेल तर देणगी रद्द होऊन उर्वरित मालमत्तेत मिसळते.

म्हणून प्रत्येक देणगीला पर्याय जोडा. शाखेनुसार हवं असेल तर असं लिहिता येईल:

"माझ्या निधनाच्या वेळी माझं कोणतंही अपत्य हयात नसल्यास, त्यास मिळावयाचा हिस्सा त्याच्या हयात अपत्यांस समान मिळावा. अशा अपत्यास मूल नसल्यास तो हिस्सा त्याच्या हयात पती किंवा पत्नीस मिळावा, आणि तेही हयात नसल्यास माझ्या इतर अपत्यांच्या हिश्श्यांत समान मिळवला जावा."

विधवा सुनेला मुलांच्या बरोबरीने द्यायचं असेल तर "हयात अपत्यांस व पत्नीस समान" असा बदल करा. सर्व नातवंडांना दरडोई सारखं द्यायचं असेल तर तेही स्पष्ट लिहा: "माझी सर्व नातवंडं, मुलाची असोत वा मुलीची, प्रत्येकास समान." आणि शक्य असेल तर नावंही घाला. नुसतं "नातवंडांना" असा समूह लिहिला तर आपल्या मृत्यूच्या वेळी जी हयात असतील त्यांनाच मिळतं. मधल्या काळात गेलेल्या नातवाच्या बाळाला काही मिळत नाही.

शेवटी "वर उल्लेख न केलेली व पुढे मला मिळणारी सर्व मालमत्ता" कुणाला, हे एक वाक्य असलंच पाहिजे. ते नसेल तर राहून गेलेली ठेव किंवा नंतर घेतलेला प्लॉट पुन्हा कायद्याच्या वाटणीत जातो आणि एकाच माणसाच्या मालमत्तेचे दोन हिशेब सुरू होतात.

एखाद्याला कमी देत असाल तर कारण दोन ओळींत लिहा: शिक्षणाचा खर्च केला, धंद्याला भांडवल दिलं, हयातीतच बक्षीसपत्र करून दिलं. न लिहिलेलं कारण मुलं स्वतः शोधतात आणि ते बहुधा वाईटच निघतं.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

बँक, सोसायटी, म्युच्युअल फंड, डीमॅट, सगळीकडे नामनिर्देशन करा, पण ते मृत्युपत्राशी जुळतंय का ते पाहा. नॉमिनीला मालमत्ता हाती घेण्याचा अधिकार मिळतो. मालकी वारसांची राहते. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. आता बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी आणि त्यांची टक्केवारी देता येते, तेव्हा एकाच मुलाचं नाव घालून बाकीच्यांच्या मनात शंका निर्माण करण्याचं कारण उरलेलं नाही.

मृत्यूनंतर: नोंदी आणि सह्या

शेतजमिनीसाठी वारस नोंदीचा अर्ज गावच्या तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर करावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. इथे कुणाचंही नाव वगळू नका. फेरफार झाल्याने वगळलेल्याचा हक्क संपत नाही. नोंद महसुलासाठी असते, ती मालकी ठरवत नाही. वगळलेल्याने मात्र नोटीस काढल्यावर लगेच हरकत घ्यावी.

बँकेतल्या रकमा आणि शेअर्ससाठी, नॉमिनी नसेल किंवा वाद असेल तर, दिवाणी न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला लागतो. स्थावरासाठी महाराष्ट्रात 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली वारस दाखला मिळतो. दोन्ही वेगळे आहेत. चुकीचा अर्ज केला तर महिने वाया जातात.

आणि हक्कसोडपत्र. स्थावरातला हिस्सा सोडायचा असेल तर ते नोंदणीकृतच हवं, कागदावर लिहून दिलेली सही पुरत नाही. कुणाच्या लाभात सोडलं हे नाव घालून लिहा, नाहीतर तो हिस्सा सर्व सहहिस्सेदारांत विभागला जातो. बहिणीला सही करायला बोलावताना तिचा हिस्सा किती आणि आजची किंमत किती हे आधी सांगा, आणि कागद घरी नेऊन वाचायला द्या. तिने खुशीने सोडला तर तो तिचा निर्णय. तिला न सांगता घेतलेली सही ही फसवणूक आहे, आणि अशा सह्यांवरूनच दावे उभे राहतात.

शाखेतली मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांची आई त्यांच्या वतीने हक्क सोडू शकत नाही. वारशाने त्यांच्या स्वतःच्या झालेल्या स्थावर हिश्श्याची विक्री, बक्षीस किंवा गहाण करायचं तर आधी जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते, आणि परवानगीशिवाय केलेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं. घर विकत घेणाऱ्यानेही वंशावळीत अठराखालचं कुणी आहे का हे आधी विचारावं, आणि असेल तर परवानगीचा आदेश पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.